थापटणे कोणाच्या माथ्यावर? जुनी यंत्रे, कच्च्या प्रणाली आणि परीक्षेचा अधिकार

संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारे निरनिराळे प्रोग्राम यांच्यामध्ये राहून दोघांचा व्यवहार सांभाळणारी जी मूलभूत आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आणि अशी प्रणाली अखेरच्या स्वरूपात देण्यापूर्वी, तिच्यात दोष शिल्लक आहेत हे उघडपणे मान्य करून, ते वापरातूनच सापडावेत म्हणून जी आवृत्ती आधी बाहेर सोडली जाते, तिला बीटा आवृत्ती म्हणण्याचा प्रघात आहे. नव्या यंत्रावर ती चढवणे हा हौसेचा किंवा व्यवसायाचा भाग ठरतो. परंतु आठ-दहा वर्षे राबलेल्या, कोणाची तरी कागदपत्रे पोटात घेऊन बसलेल्या डेस्कटॉपवर ती चढवण्याची वेळ येते, तेव्हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. अपुऱ्या वस्तूची परीक्षा कोणी करावी, कशावर करावी आणि तिची जोखीम कोणी उचलावी, असे त्याचे खरे स्वरूप आहे. भारतीय दर्शनांनी आणि मराठी संतपरंपरेने कच्चे-पक्के यांचा विचार मडक्याच्या निमित्ताने फार बारकाईने केलेला असल्याने, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाशी जोडलेली असल्याने, या प्रश्नाची चर्चा तेथूनच सुरू करणे सयुक्तिक होईल.

तेर हे तेरणा नदीच्या काठचे प्राचीन व्यापारी गाव असून ग्रीक प्रवासवर्णनांतील तगर नगर ते हेच, असे संशोधक मानतात. गोरा कुंभार, ज्यांना वारकरी आदराने गोरोबाकाका म्हणतात, ते याच गावचे, आणि इ. स. १३१७ मध्ये त्यांनी येथेच समाधी घेतली असे परंपरा सांगते. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या चरित्रग्रंथामुळे घरोघरी पोहोचलेल्या कथेनुसार, संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबांना, जमलेल्यांपैकी कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के ते पाहण्यास सुचवले, आणि गोरोबांनी आपले थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारण्यास आरंभ केला. इतरांनी ते मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके कच्चे असा निर्वाळा मिळाला. त्यानंतर खिन्न झालेल्या नामदेवांना विसोबा खेचरांकडे जावे लागले, आणि गुरूवाचूनची भक्ती अपुरी असते हे त्यांना तेथे उमगले, असा कथेचा पुढचा भाग आहे.

या कथेतील एका तपशिलाकडे निरूपणकारांचे सहसा लक्ष जात नाही. थापटणे हे लाकडी अवजार मुळात परीक्षेसाठी नसते. चाकावरून उतरवलेले मडके अर्धवट वाळले, की आतून आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकत त्याची भिंत पातळ व सारखी केली जाते, म्हणजे हे अवजार कच्च्या मडक्याला घडवण्याचे आहे; भाजलेल्या मडक्यावर तितक्याच जोराने ते चालवले तर मडके फुटेल. भाजलेल्या मडक्याची पारख बोटाच्या टिचकीने होते, कारण पक्के मडके खणखणीत वाजते आणि कच्चे किंवा तडकलेले बद्द वाजते. गोरोबांनी टिचकीच्या जागी थापटणे उचलले याचा अर्थ, ज्याला कच्चे ठरवले त्याची घडण त्या आघातापासूनच सुरू झाली, असा घेता येतो; आणि बीटा आवृत्तीच्या परीक्षेचे तत्त्वही नेमके हेच आहे, कारण तेथे दोष शोधणे आणि वस्तू घडवणे या दोन वेगळ्या क्रिया नसतात. फरक इतकाच की जुन्या डेस्कटॉपच्या बाबतीत कच्ची असते ती प्रणाली, तर यंत्र कधीच भाजून निघालेले असते, आणि आघात दोघांवर एकदमच होतो. प्रणाली सुधारण्यासाठी जो ठोका आवश्यक आहे, तोच ठोका जुन्या यंत्राला पेलेल की नाही, याचा विचार करणारा सहसा तेथे कोणी नसतो.

हा प्रसंग काल्पनिक नाही, हे अलीकडच्या इतिहासावरून दिसते. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये विंडोज १० च्या तयारीच्या काळात ‘विंडोज इनसायडर’ नावाचा उपक्रम सुरू केला, ज्यात नाव नोंदवणाऱ्या कोणालाही अपूर्ण आवृत्त्या मिळत आणि त्या बदल्यात त्याने दोष कळवावेत अशी अपेक्षा असे. जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर झाली, तेव्हा तिच्यासाठी टीपीएम २.०, म्हणजे गुप्तकिल्ल्या सुरक्षित ठेवणारी एक व्यवस्था, आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर अशा अटी घालण्यात आल्या; परिणामी २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे अपात्र ठरली. तथापि या अटी पूर्ण न करणारी जी यंत्रे उपक्रमाच्या सर्वांत कच्च्या प्रवाहात आधीपासून होती, त्यांना चाचणी-आवृत्त्या घेत राहण्याची मुभा देण्यात आली, मात्र ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी अखेरची आवृत्ती प्रसिद्ध होईपर्यंतच. त्यानंतर त्यांनी सर्व पुसून पुन्हा विंडोज १० बसवावी, असे कळवण्यात आले. अटींमागे सुरक्षेचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. तरीही जुन्या यंत्रांनी कच्चेपणीचे ठोके खावेत आणि वस्तू पक्की होताच त्यांना दाराबाहेर काढावे, या व्यवहारात काहीतरी खुपते, आणि ते काय खुपते हे सांगण्यासाठी नफ्या-तोट्याची भाषा अपुरी पडते. कथेतील नामदेवांना कच्चे ठरवले गेले, पण मंडळीतून काढले गेले नाही. पुढचा मार्ग त्यांच्यासाठी खुला राहिला. परीक्षा घेणाऱ्यावर परीक्षा देणाऱ्याचे काही ऋण राहते, ही जाणीव तेथे गृहीत आहे.

त्याहून जुने उदाहरणही आहे. ॲपलने १३ सप्टेंबर २००० रोजी आपल्या नव्या प्रणालीची सार्वजनिक बीटा आवृत्ती सुमारे तीस डॉलरला विकली, आणि १५ मे २००१ रोजी ती आपोआप चालेनाशी होईल अशी तिची रचना होती. परीक्षा देणाऱ्याकडूनच शुल्क घेण्याची ही तऱ्हा विद्यापीठांना नवी वाटू नये.

आता प्रश्नाच्या तात्त्विक गाभ्याकडे वळता येईल. प्रणाली बदलल्यावर यंत्र तेच राहते काय? वापरणारा म्हणतो की तेच, कारण पेटी तीच, पडदा तोच, फाइली त्याच. आणि नेमक्या याच मुद्द्यावर न्याय आणि वैशेषिक या दोन शेजारी दर्शनांत शतकानुशतके वाद झाला आहे, तोही आव्यातल्या मडक्यावरून. काळसर कच्चे मडके भाजल्यावर लाल होते, तेव्हा नेमके काय घडते? वैशेषिकांच्या मते उष्णतेच्या आघाताने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, प्रत्येक परमाणूचा रंग पालटतो, आणि त्या परमाणूंपासून नवे मडके पुन्हा जुळून येते. हे सारे इतक्या वेगाने होते की पाहणाऱ्याला मध्ये काही तुटल्याचे कळत नाही. परमाणूला ‘पीलु’ म्हणतात म्हणून हा पीलुपाकवाद. त्यांचा युक्तिवाद असा, की घट्ट अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली सबंध वस्तू, शाबूत असेल तर त्याच्या आतल्या कणापर्यंत अग्नी पोहोचणारच नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. अवयवी सच्छिद्र असतो, अग्नी त्यात शिरतो आणि संपूर्ण मडकेच, म्हणजे ‘पिठर’, न मोडता पालटते, असे ते म्हणतात, हा पिठरपाकवाद. त्यांचा पुरावा रोखठोक आहे: आव्यात एकावर एक रचलेली मडकी कोसळत नाहीत, भाजण्याआधी ओढलेल्या रेघा नंतरही दिसतात, आणि ‘हे तेच मडके’ अशी प्रत्यभिज्ञा, म्हणजे पूर्वी पाहिलेल्या वस्तूची ओळख, पाहणाऱ्याला होते.

या वादात संगणकाची साक्ष काढली तर ती दोन्ही बाजूंनी पडते. विंडोज व्हिस्टापासून पुढे, ‘आहे त्यावरच अपग्रेड’ असे जे वापरणाऱ्याला दिसते, त्यात प्रत्यक्षात नव्या प्रणालीची संपूर्ण प्रतिमा स्वतंत्रपणे मांडली जाते, जुनी बाजूला सारली जाते, आणि वापरणाऱ्याच्या फाइली व मांडणी उचलून नव्यात ठेवली जाते; म्हणजे वर प्रत्यभिज्ञा आहे, पण आत मडके मोडून पुन्हा घडलेले आहे. बाजूला सारलेली जुनी प्रणाली विंडोज १० मध्ये सुरुवातीला तीस दिवस आणि २०१६ नंतर दहा दिवस राखली जाई, आणि तेवढ्या मुदतीत मागे फिरता येई. उलट डेबियन या मुक्त प्रणालीत यंत्र चालू असतानाच एकेक पॅकेज, म्हणजे एकेका कामाचा सुटा गठ्ठा, बदलत जातो आणि सांगाडा उभाच राहतो. येथे नैयायिकांची सरशी मानावी लागेल. डेबियनच्या तीन शाखांपैकी जी कायम कच्ची असते, तिला एका चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे नाव दिलेले आहे, आणि आपल्या कच्चेपणाची इतकी मोकळी कबुली व्यापारी जगात क्वचितच आढळते.

हा वाद केवळ बुद्धीचा खेळ नाही, कारण जुन्या यंत्राबाबतचा निर्णय त्यावर अवलंबून राहतो. पीलुपाक खरा मानला तर अपग्रेडच्या प्रत्येक वेळी यंत्र एका विनाशातून जाते, आणि मध्येच अग्नी विझला तर हाती ना जुने मडके उरते ना नवे. वीज गेली की ही तात्त्विक शक्यता प्रत्यक्षात उतरते. अपग्रेड चालू असताना पुरवठा खंडित झालेला आणि यूपीएसची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेलेली, ही स्थिती मराठवाड्यातील कोणत्याही संगणक दुरुस्तीवाल्याला समजावून सांगावी लागत नाही.

गोरोबांविषयीची दुसरी कथा या ठिकाणी टाळता येत नाही. माती तुडवताना ते नामस्मरणात इतके बुडाले होते की रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली आल्याचे त्यांना कळले नाही, आणि ते चिखलात मिसळून गेले. पुढे पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात ते मूल परत मिळाले, असे परंपरा सांगते. कीर्तनात ही कथा भक्तीच्या तल्लीनतेचे शिखर म्हणून सांगितली जाते, आणि तो अर्थ नाकारण्याचे कारण नाही. पण जो इतरांचे कच्चे-पक्के ठरवण्यास अधिकारी मानला गेला, त्याच्याच पायाखाली न पाहिलेले मूल आले होते, या दोन कथा एकाच माणसाच्या नावावर ठेवून परंपरेने एक कठीण गोष्ट सांगितली आहे. घडवण्यात रमलेल्याला खाली काय आहे ते दिसत नाही, मग त्याची तल्लीनता कितीही निर्मळ असो. जैन दर्शनाने हे अधिक काटेकोरपणे मांडले: उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हे तिचे मूळ सांगितले आहे, त्यामुळे दुष्ट हेतू नसणे एवढ्याने कर्ता सुटत नाही. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांत जैन मूर्ती आजही आहेत, म्हणजे हा विचार या मातीला परका नाही.

जुन्या डेस्कटॉपच्या संदर्भात पायाखालचे मूल कोणते, हे ओळखणे मराठी वाचकाला अवघड जाऊ नये. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी सुमारे दीड-दोन दशके मराठीतील टंकलेखन श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमधून होत असे, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट आणि तो प्रोग्राम नसेल तर त्या फाइलीत केवळ निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. यांपैकी जुने काही प्रोग्राम संगणकाच्या मागे खोचायच्या कुलूपवजा डोंगलशिवाय चालत नसत, आणि त्या जुन्या जोडणीची खाच नव्या यंत्रांवर नसते. सोळा बिटी प्रोग्राम तर चौसष्ट बिटी विंडोजवर सुरूच होत नाहीत. छापखान्यातल्या पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या हीरकमहोत्सवी स्मरणिका आणि गावोगावच्या हौशी इतिहासलेखकांनी टंकून घेतलेल्या वह्या अशा यंत्रांतच पडून आहेत. तेथे जुना डेस्कटॉप हा त्या मजकुराचा एकमेव वाचक असतो. नवी प्रणाली चढवणाऱ्या उत्साही तरुणाला तो केवळ संथ चालणारा डबा वाटतो, आणि प्रमाद म्हणतात तो हाच.

येथे आगमांतील जीर्णोद्धाराचा विधी विचारात घेण्यासारखा आहे. जीर्ण झालेल्या मंदिराचे किंवा मूर्तीचे काम काढण्यापूर्वी देवतेचे सान्निध्य मंत्रपूर्वक एका जलकुंभात आवाहन करून घ्यावे, त्याची तात्पुरत्या लहान मंदिरात, म्हणजे बालालयात, स्थापना करून पूजा चालू ठेवावी, आणि काम पुरे झाल्यावर ते मूळ स्थानी परत न्यावे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम आहे. वास्तू पालटत असताना जे वास्तूपेक्षा मोलाचे आहे ते आधी सुरक्षित जागी हलवणे, एवढे तत्त्व त्यातून घेतले तरी बॅकअपविषयीचे बहुतेक उपदेश अनावश्यक ठरतील. बॅकअप ही तांत्रिक खबरदारी आहे खरी, पण ज्याच्या मालकीचा मजकूर आहे त्याच्याविषयीच्या आदराची ती कृतीही आहे.

जुन्या वास्तूत नवा प्राण कसा नांदू शकतो, याचा पुरावा पुन्हा तेरमध्येच उभा आहे. तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आणि छप्पर गजपृष्ठासारखे आहे; ही घाटणी बौद्ध चैत्यगृहाची असल्याने, मूळचे चैत्यगृह पुढे वैष्णव मंदिरात बदलले, असे पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी मानले आहे. पुढे मंडप जोडला गेला, आत वामनावताराची मूर्ती आली, पण जुनी अर्धवर्तुळाकार भिंत पाडून चौकोनी करण्याचा खटाटोप कोणी केला नाही. या परिवर्तनामागे सामाजिक संघर्ष नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरी वास्तूपुरते पाहिले तर नव्याने जुन्याच्या मापात स्वतःला बसवले, म्हणूनच दक्षिणेतील अशा अत्यंत मोजक्या वास्तूंपैकी एक आज उभी आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात अशी वृत्ती हलक्या लिनक्स प्रणालींत थोडीफार आढळते, आणि डेबियनवर आधारून सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली, भारतीय भाषांना सामावून घेणारी ‘बॉस’ ही प्रणालीही त्याच कुळातली. मात्र त्या कुळाचाही धीर अमर्याद नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून बत्तीस बिटी इंटेल यंत्रांसाठी प्रणाली बसवण्याची सोय बंद झाली आहे.

मग जुने आहे तसेच ठेवावे, हा पक्ष उरतो. परंतु तोही निर्दोष नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या, जालाला जोडलेल्या यंत्रावर इतरांची आधार-छायाप्रत किंवा बँकेचा तपशील ठेवणे हाही प्रमादच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्रांच्या दृष्टान्ताने देहाचा त्याग सांगितला आहे, पण तेथे देही तोच आणि देह नवा असतो. येथे देह जुना आणि आत येणारा देही नवा, शिवाय अपक्व. त्यामुळे तो श्लोक म्हणून जुने संगणक भंगारात काढण्याचे समर्थन करता येत नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी धाराशिव हा एक असून, भूम-परांड्यापासून उमरग्यापर्यंतच्या शाळांना आणि सेवा केंद्रांना नवे यंत्र घ्या असे सांगणे सोपे असले तरी त्यासाठीचा पैसा सांगणाऱ्याच्या खिशातून येत नाही.

निर्णय म्हणून इतके ठामपणे सांगता येते, की कच्च्या प्रणालीची परीक्षा हे दूषण नसून आवश्यक कर्म आहे, परंतु त्याचा अधिकार आपल्या मालकीच्या आणि रिकाम्या यंत्रापुरताच पोहोचतो. ज्या डेस्कटॉपवर सेतू केंद्रातील अर्ज, ग्रामपंचायतीचे दाखले किंवा दुसऱ्या कोणाचा एकमेव मजकूर आहे, त्यावर बीटा आवृत्ती चढवणे, मग ती कितीही सद्हेतूने चढवलेली असो, दुसऱ्याच्या माथ्यावर थापटणे मारणे होय. आणि तो माथा पुढे करणारा स्वतः तेथे हजर नसतो, हा तेरच्या कथेतील परिस्थितीशी असलेला सर्वांत मोठा भेद आहे. शिवाय त्या कथेत तक्रार करणे हे कच्चेपणाचे लक्षण ठरले, तर बीटा आवृत्तीत तक्रार करणे हेच परीक्षकाचे कर्तव्य असते. दोष दिसूनही न कळवणारा परीक्षक केवळ फुकट वापरणारा ठरतो.

या कर्तव्यात मराठी भाषकांचा वाटा अद्याप फार तोकडा आहे. ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श, किंवा लांब जोडाक्षरांवर बसणारा रफार यांत नव्या प्रणालीने केलेली चूक अमेरिकेत बसलेल्या अभियंत्याच्या डोळ्यांना चूक म्हणून दिसण्याची शक्यता नाही, आणि हिंदी वाचकालाही ती प्रत्येक वेळी खटकणार नाही. म्हणून ज्यांच्या घरी किंवा संस्थेत एखादा जुना डेस्कटॉप मजकूर काढून घेऊन रिकामा पडलेला असेल, त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी वर्षभर अशा परीक्षेसाठी राखून ठेवावा, त्यावर बीटा आवृत्ती चढवून मराठीत लिहून पाहावे, आणि जे बिघडलेले दिसेल ते प्रणाली बनवणाऱ्यांना न चुकता कळवावे.